क्नोसॉसची बाराखडी

जॉन चॅडविक यांच्या ‘द डिसायफरमेंट ऑफ लिनिअर बी’ या पुस्तकाचा नायक पहिल्याच प्रकरणात मरतो. ६ सप्टेंबर १९५६ची रात्र, इंग्लंडमधल्या हॅटफील्डजवळचा हमरस्ता, लॉरीशी टक्कर; ही लिपी उलगडणारे मायकेल व्हेंट्रिस जागच्या जागी गेले. वय ३४. गोष्ट रंगवणाऱ्या लेखकाने हा मृत्यू शेवटासाठी हातचा राखला असता. चॅडविक तो मोजक्या शब्दांत सुरुवातीलाच सांगून टाकतात आणि उरलेलं पुस्तक व्हेंट्रिस यांच्या कामासाठी मोकळं करतात. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने ते १९५८ साली काढलं, म्हणजे मित्राला जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पानं दीडशेच्या आत. इतक्या जवळच्या दुःखातून आलेल्या लिखाणात एकदाही गळा दाटून येत नाही, आणि तरी वाचणाऱ्याला सतत जाणवत राहतं की हे कुणासाठी लिहिलंय.

वरवर पाहता हे एका लिपीच्या उलगड्याचं पुस्तक आहे. मी मात्र ते क्रीट बेटावरच्या पुरातत्त्वाचा इतिहास म्हणून वाचतो. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर काय काय सापडलं याच्या याद्या इतरत्र पुष्कळ आहेत. सापडलेली वस्तू हातात असूनही ती कळायला पन्नास वर्षं का लागावीत, हा प्रश्न इतक्या थोड्या जागेत इतक्या नेमकेपणाने मांडणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही.

ती पन्नास वर्षं सुरू होतात आर्थर एव्हान्स यांच्यापासून. खरं म्हणजे क्रीटवरच्या क्नोसॉसच्या टेकाडाला पहिली कुदळ त्यांनी लावलेली नाही. १८७८ साली मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक व्यापाऱ्याने तिथे खणून गोदामं आणि त्यांतले भलेमोठे रांजण उघडे केले होते. (नावही कसं मिळालं पाहा, क्रीटच्या दंतकथेतल्या मिनोस राजाच्या वाड्यात पहिला शिरणारा माणूस मिनोसच!) ट्रॉय खणणाऱ्या श्लीमान यांनीही ही जमीन घ्यायची खटपट केली, जमिनीवरच्या ऑलिव्हच्या झाडांच्या संख्येवरून बोलणी फिसकटली अशी कथा आहे. एव्हान्स ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख. क्रीटला ते १८९४ साली आले ते वाड्याच्या शोधात नव्हे, अक्षरांच्या. तिथल्या बायका अंगावर दूध यावं म्हणून गळ्यात जुने कोरीव खडे बांधत. त्या खड्यांवरच्या खुणा चित्रलिपीच्या असाव्यात असं एव्हान्स यांना वाटलं आणि ते गावोगाव फिरून खडे पाहू लागले. काही बायकांनी खडे विकले, काहींनी अंगावर पाजणारं मूल दाखवून नकार दिला.

२३ मार्च १९०० रोजी एव्हान्स यांनी क्नोसॉसला खणायला सुरुवात केली आणि आठवडाभरातच लिनिअर बी लिपीत लेख कोरलेल्या मातीच्या पाट्या हाती लागू लागल्या. या पाट्या भाजलेल्या नव्हत्या, नुसत्या वाळवलेल्या होत्या. वाडा जळाला त्या आगीत त्या भाजून निघाल्या, म्हणूनच टिकल्या. ज्यांना आगीची धग पुरेशी लागली नव्हती त्यांचं काय होतं, तेही एव्हान्स यांनी लवकरच पाहिलं. काही पाट्या रात्रभर एका खोलीत ठेवल्या होत्या, छप्पर गळलं, आणि सकाळी तिथे चिखल होता. तीन हजारांहून अधिक वर्षं जमिनीखाली राहिलेली कुणाची तरी हिशेबाची नोंद शोधणाऱ्याच्या ताब्यात आल्यावर एका पावसात गेली.

त्यानंतर घडलं ते पावसापेक्षा वाईट, आणि इथे चॅडविक यांची लेखणी पाहण्यासारखी आहे. एव्हान्स यांना जवळपास तीन हजार पाट्या आणि तुकडे मिळाले होते. १९०९ साली त्यांनी त्यांतल्या फक्त १४ प्रसिद्ध केल्या. ‘द पॅलेस ऑफ मिनोस’ या महाग्रंथाचा चौथा खंड १९३५ला आला, त्यात आणखी १२० आल्या. बाकीचा ऐवज बंदच. योहानेस सुंडवाल या फिन्निश अभ्यासकाने हेराक्लिओनच्या संग्रहालयात जाऊन ३८ पाट्या नकलून घेतल्या, तर एव्हान्स यांची खप्पामर्जी झाली. १९४१ साली नव्वदी गाठून एव्हान्स वारले आणि उरलेल्या पाट्यांचा खंड जॉन मायर्स यांनी पुरा केला, तो बाहेर पडला १९५२ साली. चॅडविक हे आकडे एकापुढे एक ठेवतात आणि दोष कुणाचा ते स्वच्छ सांगतात, पण आवाज चढवत नाहीत. क्रीटच्या भूमीतून एक अख्खी संस्कृती वर काढणारा माणूस तोच आहे, याचं भान त्यांना एका वाक्यापुरतंही सुटत नाही. मराठी समीक्षेत मोठ्या माणसाची चूक सांगायची तर एक तर पाया पडत किंवा मग दगड मारत सांगायची, अशी आपल्याला सवय. तिसरी पद्धत कशी असते ते या प्रकरणात शिकायला मिळतं.

याच भागातली एक पाटी मला पुस्तकाचा कणा वाटते. तिच्यावर घोड्यांची डोकी रेखलेली आहेत. काहींच्या मानेवर आयाळ आहे, काहींच्या नाही, आणि त्या बिनआयाळीच्या डोक्यांआधी दोन चिन्हं आहेत. ही दोन्ही चिन्हं सायप्रस बेटावरच्या एका जुन्या लिपीतल्या चिन्हांसारखी दिसतात. सायप्रसची ती लिपी एकोणिसाव्या शतकातच वाचली गेली होती. त्या उच्चारांनी वाचलं तर शब्द होतो ‘पो-लो’. ग्रीकमध्ये ‘पोलोस’ म्हणजे शिंगरू. आयाळ न फुटलेलं शिंगरू! हे सगळं एव्हान्स यांनी स्वतः पाहिलं, स्वतः लिहिलं, आणि योगायोग म्हणून बाजूला सारलं. क्नोसॉसचे लोक ग्रीक नव्हते, ग्रीकांच्या फार आधीचे, फार वरचढ असे ‘मिनोअन’ होते, हा त्यांचा सिद्धान्त. त्या सिद्धान्तावर त्यांनी चार खंड रचले, सिमेंट-काँक्रीटचे खांब ओतून वाड्याचे मजले पुन्हा उभे केले. त्या इमारतीत एका ग्रीक शिंगराला जागा नव्हती. उत्तर १९३५ साली छापून पडलं होतं आणि छापणाऱ्यानेच ते वाचायचं नाकारलं. चॅडविक ही गोष्ट आटोपशीर सांगतात. मला वाटतं, त्यांनी इथे आणखी थोडं थांबायला हवं होतं.

आता बाराखडीकडे येऊ. पुस्तकाच्या मधल्या भागात चॅडविक इंग्रज वाचकाला समजावत बसतात की लिपीतलं एक चिन्ह म्हणजे एक सुटा वर्ण नसून व्यंजन अधिक स्वर असं अक्षर असू शकतं. मराठी वाचकाला ही पानं भराभर उलटता येतात. क, का, कि, की घोकून मोठं झालेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. इतकंच काय, रोमन लिपीत को-नो-सो, पा-इ-तो असे रेघांनी तोडत लिहावे लागणारे पाट्यांवरचे हे शब्द देवनागरीत किती सहज बसतात! अडचण पुढे आहे. आपल्या बाराखडीत ‘सि’ आणि ‘सो’ ही एकाच घरातली भावंडं आहेत हे डोळ्यांनाच कळतं, कारण ‘स’ दोन्हींत दिसतो. लिनिअर बीमध्ये ‘सि’ आणि ‘सो’ यांच्या आकारांत काडीचंही साम्य नाही. ऐंशी-नव्वद सुटी चिन्हं, आणि कुठलं कुठल्या ओळीतलं याचा पत्ता नाही. म्हणजे बाराखडीचा तक्ता कुणीतरी कातरून तुकडे पिशवीत भरले आहेत आणि चौकोनांचे उच्चारही पुसून टाकले आहेत. तो तक्ता पुन्हा मांडायचा, तोही एक अक्षर उच्चारायच्या आधी.

हे अशक्य वाटणारं काम शक्य आहे हे ज्यांनी दाखवलं, त्या ॲलिस कोबर. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवायच्या. आयुष्यात एकही वाडा खणला नाही. महायुद्धात कागदाचा तुटवडा होता, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या आणि परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या. पाटीवरची भाषा कोणती हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. जो तो नेमका तिथूनच सुरुवात करून खड्ड्यात पडत होता. त्यांनी विचारलं ते एवढंच: हे शब्द चालतात का? शेपटं बदलतात का? १९४५ ते १९४८ या काळातल्या त्यांच्या लेखांमध्ये शब्दांची त्रिकुटं पुढे आली. सुरुवात तीच, शेवट तीन तऱ्हांचे. आज आपल्याला उत्तर माहीत आहे म्हणून ती त्रिकुटं वाचता येतात: कोनोसो, कोनोसियो, कोनोसिया. पहिलं गावाचं नाव, दुसरं त्या गावचे पुरुष, तिसरं त्या गावच्या बायका. आता ‘सो’च्या जागी ‘सि’ आला. मूळ शब्दाचं शेवटचं व्यंजन कायम आहे, फक्त स्वर बदलला. म्हणजे उच्चार माहीत नसतानाही एवढं ठामपणे म्हणता येतं की ही दोन चिन्हं बाराखडीच्या एकाच ओळीतली आहेत. अशी दुसरी जोडी, तिसरी जोडी, की ओळी आपोआप भरू लागतात. कोबरबाई १९५० साली वारल्या, वय अवघं ४३. तक्त्यातले दहाएक चौकोन त्यांनी भरून ठेवले होते.

चॅडविक कोबरबाईंना श्रेय देतात, मान राखून देतात. पण पानं मोजली तर देणं थोडं अपुरं राहतं. मार्गालिट फॉक्स यांनी २०१३ साली कोबरबाईंचे कागद धुंडाळून पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे त्या चिठ्ठ्यांची संख्या दीड लाखाच्या वर जाते हे जगाला कळलं. १९५८मध्ये चॅडविक यांच्यापुढे ते कागद नव्हते, हे खरं. तरीही, पुस्तकाचं पहिलं प्रकरण जसं व्हेंट्रिस यांच्या नावाने आहे तसं एखादं या बाईंच्या नावाने असतं तर तोल अधिक साधला असता.

व्हेंट्रिस हे धंद्याने वास्तुविशारद, सरकारी शाळांच्या इमारतींचे आराखडे करणारे. १९३६ साली, चौदाव्या वर्षी, लंडनला शाळेच्या सहलीत त्यांनी खुद्द एव्हान्स यांच्या तोंडून या न वाचल्या गेलेल्या पाट्यांबद्दल ऐकलं. अठराव्या वर्षी, वय लपवून, एका मान्यवर नियतकालिकात लेख छापून आणला. त्या लेखात त्यांनी ही भाषा इटलीतल्या एट्रुस्कनची नातलग ठरवली होती, आणि पुढची बारा वर्षं ते त्याच समजुतीला धरून होते. चॅडविक हे झाकत नाहीत. उलट, पुस्तकातली खरी उत्कंठा यातूनच तयार होते: एका माणसाची पद्धत त्याला अशा जागी घेऊन चालली आहे जिथे जायची त्याची मुळीच इच्छा नाही.

चौथं आणि पाचवं प्रकरण मात्र घाईने वाचू नयेत. पेन्सिल हातात घ्यावी. व्हेंट्रिस तक्ता आखतात. आडव्या ओळीत एकच व्यंजन, उभ्या रकान्यात एकच स्वर, पण उच्चार कुठलाच नाही. मग बेताबेताने दोन-तीन चौकोनांत उच्चार घालून पाहतात. शब्दाच्या आरंभी वारंवार येणारं एक चिन्ह नुसता ‘आ’ असावं. सायप्रसच्या लिपीशी जुळणारी दोन चिन्हं ‘ना’ आणि ‘ति’ असावीत. आता ‘ना’ची आडवी ओळ आणि ‘ति’चा उभा रकाना जिथे एकमेकांना छेदतात, तिथे काय हवं? पाचवीतलं मूलही सांगेल, ‘नि’. कोबरबाईंच्या त्रिकुटांत एक शब्द होता ज्याचं पहिलं चिन्ह ‘आ’ आणि तिसरं ‘नि’. ही त्रिकुटं क्नोसॉसच्याच पाट्यांवर येतात, ग्रीसच्या मुख्य भूमीवर सापडलेल्या याच लिपीतल्या पाट्यांवर येत नाहीत. मग ती क्रीटमधल्या गावांची नावं नसतील कशावरून? आ-गाळलेलं-नि-गाळलेलं. क्नोसॉसचं बंदर होमरनेही नोंदलेलं: आम्निसोस. आ-मि-नि-सो. यातून ‘सो’ मिळाला, ‘सो’बरोबर त्याचा सबंध ‘ओ’कारान्त रकाना उघडला, आणि शेजारच्या त्रिकुटात उमटलं को-नो-सो. क्नोसॉस! मग तु-रि-सो, पा-इ-तो. एव्हान्स ज्या गावाच्या मातीत चाळीस वर्षं उभे होते त्या गावाचं नाव त्यांच्या पाट्यांवर होतं.

गावांची नावं परक्या भाषेतही तीच राहतात, तेव्हा एवढ्याने ग्रीक सिद्ध होत नाही. व्हेंट्रिस तेव्हाही एट्रुस्कनची वाट पाहत होते. पण बेरजेच्या जागी ‘तोसो’ आला, मुलगा-मुलगीच्या जागी ‘कोवो’ आणि ‘कोवा’ आले, आणि हे जुनाट, ओबडधोबड का होईना, ग्रीकच होतं. १ जून १९५२च्या आपल्या विसाव्या टिपणात व्हेंट्रिस यांनी ही शक्यता मांडली ती जवळजवळ माफी मागत, गंमत म्हणून पाहायला हरकत नाही अशा सुरात. युरोपच्या इतिहासाला सातशे वर्षं मागे नेणारा कागद, आणि लेखक त्याला मुख्य वाटेवरून केलेली भटकंती समजतो. १ जुलैला बीबीसीवर त्यांनी ते जाहीर केलं. केंब्रिजात नुकतीच नेमणूक झालेले चॅडविक ऐकत होते.

यापुढे लेखक स्वतः गोष्टीत शिरतो आणि पुस्तकाची खरी परीक्षा सुरू होते. आत्मप्रौढीला इथे मोकळं मैदान होतं. चॅडविक यांनी पहिल्या पत्रात आपण केवळ एक भाषाभ्यासक आहोत, उपयोग होत असेल तर घ्या, असं कळवलं होतं. पुस्तकभर त्यांनी तीच जागा राखली आहे. दोघांचा पहिला संयुक्त लेख १९५३चा, मोठा ग्रंथ १९५६चा, व्हेंट्रिस गेल्यानंतर काही आठवड्यांत आलेला. गूढलिपिशास्त्रावरची पुस्तकातली विवेचनं विलक्षण नेमकी आहेत: अंदाज बांधा, तपासा, फेका, पुन्हा बांधा. १९५८च्या वाचकाला ते नुसतं चांगलं गद्य वाटलं असेल. महायुद्धात चॅडविक यांनी शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याचं काम केलं होतं, आधी अलेक्झांड्रियाला, मग ब्लेचली पार्कला, आणि त्याबद्दल ब्र काढण्याची १९७०च्या दशकापर्यंत कुणालाच मुभा नव्हती. आज ती पानं वाचताना मौन पाळणाऱ्या माणसाचा अनुभव ओळींच्या मागे हलताना दिसतो.

उलगड्याने क्नोसॉसच्या उत्खननाचं काय केलं, हा भाग पुस्तकात आहे पण त्याचे परिणाम पुस्तकानंतरचे. क्नोसॉसच्या शेवटच्या पर्वात मुख्य भूमीवरच्या ग्रीकांची सत्ता असावी, असं ॲलन वेस हे पुरातत्त्वज्ञ आधीपासून सुचवत होते. १९२३ साली त्यांना अथेन्सच्या ब्रिटिश स्कूलचं संचालकपद सोडावं लागलं, त्यामागे एव्हान्स यांची नाराजी होती असं मानलं जातं. १९५६च्या ग्रंथाची प्रस्तावना याच वेस यांनी लिहिली. न्याय कधी कधी प्रस्तावनेतून येतो. १९६०च्या सुमारास लेनर्ड पामर यांनी एव्हान्स यांचे मदतनीस डंकन मॅकेन्झी यांच्या उत्खननाच्या रोजनिशा बाहेर काढल्या. कुठली पाटी कुठल्या थरात सापडली याबाबत रोजनिशी आणि छापील ग्रंथ यांत मेळ नाही असा आरोप झाला, आणि पाट्यांच्या काळाबद्दलचा तो वाद पुष्कळ वर्षं चालला. स्वतःच्या हाताने खणलेल्या पुराव्याने एव्हान्स यांचा इमला असा दोनदा हादरला.

आणि पाट्यांत निघालं काय? काव्य नाही, राजाज्ञा नाहीत. हिशेब. ऐंशी हजार ते एक लाख मेंढ्यांची मोजदाद, कुठल्या गावी किती, लोकर किती आली, किती येणं आहे. बैलजोड्यांच्या नोंदी, नावांसकट: काळ्या, ठिपक्या, पांढरपाया. देवांना मधाचे बुधले: आम्निसोसच्या एलेउथियेला एक, सगळ्या देवांना मिळून एक. याच मधाच्या पाट्यांतल्या एकीवर आणखी एका देवीला बुधला आहे, आणि बहुतेक अभ्यासक तिचं नाव ‘लॅबिरिंथची स्वामिनी’ असं वाचतात. मिनोस, मिनोटॉर आणि भूलभुलैया यांची एवढी मोठी दंतकथा, आणि क्नोसॉसच्या दप्तरात तिच्या नावावर जमा आहे ते मधाचा एक बुधला. सर्व देवांना मिळून एक आणि हिला एकटीला एक, हे मात्र विसरू नये; कारकुनाला बाईंचा दर्जा ठाऊक होता. चॅडविक यांचं सातवं प्रकरण, त्या काळच्या जीवनाबद्दलचं, आज बरंच जुनं झालंय. मेंढ्यांचा हिशेब पुढे जॉन किलेन यांनी जसा उलगडला तसा त्यात नाही. ते चाळलं तरी चालेल.

भारतीय वाचक हे पुस्तक मिटतो तेव्हा सिंधू लिपी आठवल्याशिवाय राहत नाही. चॅडविक-व्हेंट्रिस यांचा लेख आला त्याच १९५३ साली मुंबईत सेंट झेवियर्सच्या फादर हेनरी हेरास यांचं ‘स्टडीज इन प्रोटो-इंडो-मेडिटरेनियन कल्चर’ प्रसिद्ध झालं. सिंधू मुद्रांची भाषा द्रविड आहे असं धरून त्यांनी मुद्रा वाचल्या, अगदी अर्थासकट. हित्ती भाषा उलगडणारे बेद्रीख ह्रोझनी यांनी तर क्रीटची आणि सिंधूची, दोन्ही लिप्या वाचल्याचं सांगितलं. चॅडविक त्या क्रीटच्या वाचनाला फार वेळ देत नाहीत. हेरास यांची विद्वत्ता आणि तळमळ यांबद्दल शंका नाही. त्यांनी सुरुवात मात्र भाषेपासून केली, चिन्हांच्या वागणुकीपासून नव्हे. शिवाय सिंधू मुद्रांवर सरासरी पाचएक चिन्हं. कोबरबाईंची त्रिकुटं निघायला जेवढा ऐवज लागतो तेवढा तिथे नाही. सिंधू लिपी वाचल्याची बातमी दर काही वर्षांनी आपल्याकडे येते. त्या बातमीदारांना कुणीतरी हे चौथं प्रकरण पाठवावं.

क्रीटचं काम संपलेलं नाही. लिनिअर बीच्या आधीची लिनिअर ए ही लिपी तशीच पडून आहे. तिची पुष्कळशी चिन्हं बीसारखीच, त्यामुळे तिच्यातले शब्द आज कुणालाही अंदाजाने उच्चारता येतात. अर्थ मात्र लागत नाही, कारण भाषा ग्रीक नाही. एव्हान्स यांचे मिनोअन असतील तर ते इथे आहेत. क्रीटमधल्याच आया त्रियादाच्या पाट्यांवर यादीच्या तळाशी एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘कुरो’. त्याचा अर्थ तेवढा सगळ्यांना मान्य आहे, कारण वरच्या आकड्यांची बेरीज केली की बहुतेकदा त्याच्यापुढचा आकडा येतो: एकूण.